चित्रातल्या घराचं धुराडं

त्या चित्रासमोर उभी राहून मी जवळजवळ सहा महिने, दर शनिवारी दुपारी, खोटं बोलत होते. खोटं माझं नव्हतं, छापील होतं. पण तोंड माझंच होतं, आणि किती गोड आवाजात मी ते सांगायचे हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

२००३ सालची गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहत होतो. नवरा सकाळी सातच्या ट्रेनने न्यूयॉर्कला जायचा, संध्याकाळी सातला चेहरा पाडून परत यायचा. ते दिवसच तसे होते. दर महिन्याला कुणाची तरी नोकरी जायची आणि त्या घराच्या गराजबाहेर सोफा, कुकर, मुलांच्या सायकली विकायला मांडलेल्या दिसायच्या. आम्ही गाडी हळू करून बघायचो आणि काही न बोलता पुढे जायचो. सांगलीत मी शाळेत चित्रकला शिकवत होते. इथे माझ्या डिपेंडंट व्हिसावर नोकरी करायला बंदी. नवऱ्याचे मित्र ओळख करून देताना म्हणायचे, "वहिनी पेंटिंग पण करतात हां!" त्या 'पण'ने माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

फुकट काम करायला मात्र बंदी नव्हती. जवळच्या एका गावात लहानसं म्युझियम होतं, तिथे चित्रांबद्दल माहिती सांगायला व्हॉलंटियर हवे होते. आमची प्रमुख म्हणजे एक निवृत्त शाळामास्तरीण, पांढरेशुभ्र केस, कडक इस्त्रीचा शर्ट. तिने मला तीन आठवडे शिकवलं, एक फाइल हातात दिली आणि चार चित्रं माझ्या वाट्याला आली. त्यातलं चौथं हे.

चित्र फार मोठं नव्हतं. जेवणाचे दोन पाट शेजारी मांडले तर होईल तेवढं. इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं घर, साधारण अठराशे दहा-वीसच्या सुमाराला रंगवलेलं. चित्रकार कोण हे नक्की माहीत नव्हतं. घर मात्र खरं होतं. चित्र काढलं तेव्हाच ते दोनशे वर्षांचं होतं आणि अजूनही उभं आहे, आता तिकीट काढून लोक ते बघायला जातात, असं फाइलमध्ये लिहिलं होतं. शहरात गिरण्या वाढल्या, हवा काळवंडली, तेव्हा चित्रकार खेड्याकडे वळले, जुन्या भिंती आणि ढगांमध्ये त्यांना मनाची शांती दिसायला लागली, तो हा रोमँटिक काळ. हे सगळं मी पाठ करून टाकलं.

चित्रात गवताने शाकारलेलं ठेंगणं घर. मागे मोठं झाड, झाडामागे पिवळट आकाश. दार अर्धं उघडं. वरच्या मजल्याच्या खिडकीला पडदा. कुंपणापाशी दोन पुरुष, टोप्या हातात घेऊन उभे. आणि पायवाटेवरून घराकडे येणारी एक बाई, तिच्या हातात फडक्याने झाकलेलं भांडं. दाराशी एक कुत्रा आडवा पडलेला. बस्स.

फाइलमध्ये याचा अर्थ दिला होता. संध्याकाळची निवांत वेळ, शेजारीण काहीतरी खास करून घेऊन येतेय, पुरुष तिला मान देऊन टोप्या काढून उभे आहेत, साध्या माणसांचं सुखी जगणं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मनात म्हटलं, ही तर ओटी भरायला निघालीय. एकटीच हसले. प्रमुखबाईंनी विचारलं काय झालं, तर तिला ओटी काय सांगणार? मी म्हटलं, चित्र फार गोड आहे.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरी त्यांचीच आहे.

माझे वडील सांगलीत चौतीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होते. इलेमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना त्यांनी किती मुलं बसवली असतील देव जाणे. 'देखावा काढा' म्हटलं की वर्गातली साठही मुलं तेच काढायची. दोन डोंगर, मधून सूर्य, एक नदी, नदीकाठी झोपडी. बाबा रांगेतून फिरत यायचे, एकेकाच्या कागदावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "यात राहतं कोण?" पोरगं कागदाकडे बघत राहायचं. "माणूस राहतो याची खूण दाखव. दारात चपला दाखव, दोरीवर धोतर दाखव, नाहीतर धूर दाखव. नुसतं काढून ठेवलंस तर ते घर नव्हे, खोकं." मग खिशातली पेन्सिल काढून त्या मुलाच्या कागदावर जे राहिलंय ते स्वतः काढायचे, पण अगदी फिकट. मी त्यांच्याच वर्गात होते. एकदा विचारलं, इतकं फिकट का? म्हणाले, "नको असलं तर त्याला खोडता आलं पाहिजे."

त्या फेब्रुवारीत बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं. बोलणं तुटलं. ड्रॉइंग मास्तरचा उजवा हात गेला, यापुढे काय सांगायचं.

मला त्यांना एकदा भेटायचं होतं. इतकंच हवं होतं. ते ओळखतायत, चार शब्द बोलतायत, तोवर समोर जाऊन बसायचं. मी तिकिटं बघायला लागले आणि नवऱ्याने मला खुर्चीत बसवलं.

"अगं, आपलं व्हिसाचं एक्स्टेन्शन पेंडिंग आहे. तू आत्ता बाहेर गेलीस तर तुझं ॲप्लिकेशन बाद. लॉयरने क्लिअर सांगितलंय."

"मग नवीन करू."

"आणि मुंबईला कॉन्सुलेटमध्ये पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग? आता सगळ्यांचे इंटरव्ह्यू घेतात, महिनोन् महिने लटकवतात. त्यात इकडे माझा जॉब गेला तर? तू तिकडे, मी इकडे, पोरीची शाळा मधेच. थोडं प्रॅक्टिकल हो ना यार."

त्याचं चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. पण त्या 'यार'वर माझं डोकं फिरलं होतं हेही खरं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "येऊ नकोस गं. आता बरे आहेत. डाव्या हाताने रेघोट्या मारायला सांगितलंय डॉक्टरांनी, त्यातच असतात दिवसभर. तू उगीच अडकून पडशील." मी फोन ठेवला आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. येऊ नकोस असं आईनेच म्हटलंय, मग झालं. हे हलकं वाटणं मी लक्षात ठेवलंय.

एप्रिलपासून मी म्युझियममध्ये जायला लागले. तिथल्या दुकानात त्या घराच्या चित्राचं पोस्टकार्ड मिळायचं. मी ते बाबांना पाठवलं. मागे लिहिलं, "मी आता याच्यावर भाषण देते. बघा, तुमची मुलगी अजून मास्तरकीच करतेय."

माझा फोन शनिवारी सकाळचा. फोनकार्डावरचा लांबलचक नंबर दाबायचा, मग एक बाई किती मिनिटं उरलीत ते सांगायची, मग सांगली. तिकडे संध्याकाळ असायची आणि मागे बाबांच्या बातम्या मोठ्याने लागलेल्या असायच्या. कान आधीच कमी झाले होते त्यांचे. मे महिन्यात एका शनिवारी आई म्हणाली, "थांब, यांना तुझ्याशी बोलायचंय," आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला.

"चित्र... मिळालं," बाबा म्हणाले. एकेक शब्द ओढून आणल्यासारखा.

"आवडलं का, बाबा?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "धूर... नाही."

मी हसले. "म्हणजे तिकडे बसूनही मार्क कापताय का? दोनशे वर्षांपूर्वीचा चित्रकार आहे हो तो, त्याला कसले मार्क?"

"धूर नाही," ते पुन्हा म्हणाले. "घरात... घरात..." आणि पुढचा शब्द काही केल्या येईना. त्यांचं धडपडणं मला इतक्या लांबूनही सहन होत नव्हतं. शेवटी आईने फोन घेतला. मी विचारलं, "काय म्हणत होते गं?" ती म्हणाली, "चित्राचंच काहीतरी. डोळ्यांत पाणी आलंय बघ. हल्ली येतं."

त्या दुपारी मी चित्रासमोर उभी राहिले. लोक यायला अजून अवकाश होता. धुराडं बघितलं. घराच्या डाव्या कडेला, चांगलं ठसठशीत, मागे उजळ आकाश. धूर असता तर त्या आकाशावर हमखास दिसला असता. चित्रकाराने दाराजवळच्या फुलाची पाकळी न् पाकळी काढली होती. धूर काढायला तो विसरला नव्हता.

मग मला एकेक दिसायला लागलं. संध्याकाळची वेळ आणि चूल थंड. वरच्या खिडकीवर पडदा ओढलेला. दोन पुरुष टोप्या हातात घेऊन, पण त्यांची तोंडं त्या बाईकडे नाहीतच, दाराकडे आहेत. कुंपणाच्या आत येत नाहीत, निघूनही जात नाहीत. आणि ती बाई झाकलेलं भांडं घेऊन चाललीय. सणासुदीला माणूस काही घेऊन जातो तेव्हा त्याची मान अशी खाली असते का?

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारची बाई पिठलं-भात करून, झाकून घेऊन येते. कडू घास. कुणाला जेवण जात नसतं, पण दोन घास पोटात ढकलायला लावतात. लहानपणी मी आईबरोबर असं भांडं घेऊन गेलेय. आई अशीच चालायची, खाली बघत, भराभर नाही आणि अगदी हळूही नाही. मला सक्त ताकीद असायची, वाटेत कुणी विचारलं भांड्यात काय आहे तरी बोलायचं नाही.

बाबांना तो शब्द सापडला नव्हता. घरात कोणीतरी गेलंय, असं त्यांना म्हणायचं होतं. आपला ड्रॉइंग मास्तर, अंथरुणावर पडून, पोस्टकार्डाएवढ्या चित्रात बरोबर ते बघतो, आणि मी त्या चित्रासमोर महिनाभर सुखी जगण्याचं भाषण ठोकत होते!

मी प्रमुखबाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. धूर, पडदा, टोप्या, भांडं. तिने मन लावून ऐकलं. चित्राजवळ जाऊन चष्मा वर करून बघितलंसुद्धा. मग म्हणाली, तू लावलेला अर्थ इंटरेस्टिंग आहे, चूकही नसेल. पण गेल्या दोन वर्षांत या भागातल्या लोकांनी पुरेशी मरणं बघितली आहेत. न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या दिवशी ट्रेनने सकाळी गेलेली माणसं परत आली नाहीत, त्यांच्या गाड्या स्टेशनच्या पार्किंगमध्ये तशाच उभ्या राहिल्या. लोक शनिवारी इथे दोन घटका बरं वाटावं म्हणून येतात. त्यांच्यासाठी फाइलमधलंच सांगत जा.

मी चिडायला हवं होतं. मी चिडले नाही. शहाण्यासारखी मान डोलावली आणि पुढच्या गटापुढे म्हणाले, संध्याकाळची निवांत वेळ आहे, शेजारीण काहीतरी खास करून घेऊन येतेय. तेव्हा मला वाटलं, मी नियम पाळतेय. आता वाटतं, मलासुद्धा तेच ऐकायचं होतं.

कारण ऑगस्टपासून फोनवर बाबा येईनासे झाले.

"बाबा झोपलेत," दादा म्हणायचा. माझा भाऊ तिथेच, आईवडिलांजवळ राहतो. पहिल्या शनिवारी झोपलेले, दुसऱ्या शनिवारी झोपलेले. तिसऱ्या शनिवारी मी म्हटलं, "अरे, संध्याकाळी साडेसहाला? मागे बातम्या तर चालू आहेत."

"हो, बातम्या ऐकता ऐकताच डोळा लागतो. बाकी ठीक आहेत. थोडा अशक्तपणा आहे, एवढंच."

बारा-तेरा शनिवार मी हे ऐकलं. आईचं आपलं एकच, सगळं ठीक आहे, तू तुझ्या संसाराकडे बघ. परदेशातल्या मुलांना सांगायची ही एक वेगळीच भाषा असते. दवाखान्यात ॲडमिट केलं की 'चेकअपला नेलंय', शुद्ध गेली की 'झोप जास्त आहे'. आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात हे झालेलं होतं. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, जमलो की आम्ही त्याचे किस्से सांगायचो, कुणाची आजी कशी महिनाभर 'गावाला गेली' होती ते सांगून हसायचोसुद्धा. ती भाषा मला चांगली कळत होती. न कळल्याचं सोंग मी केलं.

आणि सप्टेंबरअखेर आमचं एक्स्टेन्शन मंजूर होऊन आलं. पत्र हातात होतं. आता मला कोणी अडवलेलं नव्हतं, उरली होती फक्त स्टॅम्पिंगची भीती. नवरा म्हणाला, "डिसेंबरमध्ये जा ना, ख्रिसमसच्या सुट्टीत. पोरीची शाळा पण बुडणार नाही." मी हो म्हटलं. डिसेंबरची दोन तिकिटं काढली. दादाला फोनवर सांगितलं तर तो क्षणभर काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. ये डिसेंबरमध्ये." ते गप्प बसणंही मी ऐकलं, आणि सोडून दिलं.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. सकाळचे आठ. सात वर्षांची लेक टीव्हीसमोर कॉर्नफ्लेक्स खात बसली होती, नवरा लाँड्रीच्या घड्या घालत होता. मी फोन लावला. दादाने उचलला.

"बाबा झोपलेत," मी विचारायच्या आतच तो म्हणाला.

मागे बातम्या नव्हत्या. पक्षाघाताच्या आधी नाही, नंतर नाही, त्या घरात संध्याकाळी साडेसहाला इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. मी काही बोलणार तेवढ्यात मागून समोरच्या काकूंचा आवाज आला. अगदी हळू, पण मला स्पष्ट ऐकू आला. "वहिनी, पिठलं-भात झाकून ठेवलाय हो ओट्यावर. दोन घास तरी खाऊन घ्या."

 मी सरळ आवाजात विचारलं. आपण किती निर्दय होऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

"दादा, आईने आज काय केलंय जेवायला?"

"आं? ते... काकूंनी पाठवलंय काहीतरी."

"आईने का नाही केलं?"

त्याने रिसीव्हरवर हात ठेवल्याचा आवाज आला.

"दादा, आज घरात गॅस पेटलाय का?"

माझा भाऊ बँकेत काम करतो, कधी कुणापुढे रडत नाही. तो लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. पहाटे गेले होते बाबा. दुपारी सगळं आटोपून ही मंडळी घरी येऊन बसली होती आणि माझा शनिवारचा फोन वाजला होता. न उचलावा तर मी घाबरेन, म्हणून उचलला. मला तेराव्यानंतर सांगायचं असं आईने ठरवलं होतं.

आई फोनवर आली. मी तिच्यावर ओरडले. ज्या बाईचा नवरा त्या पहाटे गेला होता तिच्यावर मी ओरडले, की मला फसवलंत, मला महिनोन् महिने फसवलंत.  फोनकार्डातली बाई मधेच म्हणाली की एक मिनिट उरलंय. मग आई म्हणाली, "तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस गं," आणि लाइन कट झाली.

लेक माझ्याकडे बघत होती. "मॉम, व्हाय आर यू येलिंग अ‍ॅट आजी?" तिला मी काय उत्तर दिलं आठवत नाही. नवरा लगेच एअरलाइनला फोन लावून बसला, तिकिटं अलीकडे ओढायला. मला त्या घरात बसवेना. दुपारी माझी पाळी होती. नवरा म्हणाला, "वेडी आहेस का? कॅन्सल कर." मी गेले.

त्या दिवशी गटात आठ-नऊ माणसं होती. बहुतेक म्हातारी, एक जोडपं तरुण. प्रमुखबाई मागे उभी होती, महिन्यातून एकदा ती ऐकायला यायचीच. पहिली तीन चित्रं मी कशी सांगितली देवाला ठाऊक. चौथ्यापाशी आले आणि मला फाइलमधलं एक वाक्य आठवेना. मी म्हटलं, "धुराडं बघा. धूर नाहीये."

सगळ्यांनी बघितलं. मग मी सांगत गेले. चूल, पडदा, टोप्या, झाकलेलं भांडं, ते कुठल्या दिवशी नेतात, नेणारी बाई कशी चालते. माझ्या गावात हे असंच असतं, मी म्हटलं, आणि आज सकाळीसुद्धा असंच एक भांडं एका घरात गेलंय. तिथे माझा आवाज फुटला. एक म्हातारे गृहस्थ टोपी घालून उभे होते. त्यांनी ती काढून हातात घेतली. दुसरं कोणीच हललं नाही. मागून प्रमुखबाई पुढे आली, माझ्या दंडाला धरून तिने मला बाकावर बसवलं आणि उरलेली माहिती स्वतः सांगितली. तिनेही फाइलमधलं सांगितलं नाही. इतकंच म्हणाली की या घरात कोणीतरी वारलेलं असावं.

मी नवव्या दिवशी सांगलीला पोचले. बाबांचा पलंग उचलून ठेवला होता, भिंतीवर त्याच्या टेकण्याचा डाग तेवढा राहिला होता. ज्या स्टॅम्पिंगला मी नऊ महिने भ्यायले ते परतताना मुंबईला झालं. खिडकीपलीकडच्या माणसाने दोन प्रश्न विचारले, नवरा काय करतो आणि मुलगी कितवीत आहे, आणि पासपोर्ट ठेवून घेतला. तीन दिवसांनी तो शिक्क्यासकट परत आला. एवढंच होतं ते.

पण त्याआधी, चौदाव्या दिवशी, आईने कपाटातून बाबांचा ड्रॉइंग बोर्ड काढला. क्लिपला कागदांचा गठ्ठा होता, डाव्या हाताच्या रेघोट्यांचा. उभ्या रेघा, आडव्या रेघा, पहिलीतल्या मुलाने काढावीत तशी वर्तुळं. त्यांच्या खाली माझं पोस्टकार्ड.

"हे तुझं," आई म्हणाली. "त्यांनी खराब करून ठेवलंय."

धुराड्यातून धूर निघाला होता. पेन्सिलीचा, वेडावाकडा, उजवीकडे झाडापर्यंत गेलेला. पोस्टकार्ड चकचकीत असतं, त्यावर पेन्सिल उठत नाही. बाबांनी तीच रेघ पुन्हा पुन्हा दाबून इतकी गिरवली होती की कागदात चर पडला होता. मागच्या बाजूला, माझ्या अक्षरांमध्ये, तो हाताला लागत होता. खोडायची काही सोयच नव्हती.

"कधी काढलं हे?"

"जुलैच्या शेवटी. आठवडाभर तेच चाललं होतं, दुसऱ्या कशाला हात लावू देईनात. मग मला म्हणाले, पाठव तिला. अगदी स्पष्ट म्हणाले." आई बोर्डाची क्लिप उघडत मिटत राहिली. "मीच नाही पाठवलं. म्हटलं, ह्या असल्या रेघा बघशील, घाबरशील आणि सगळं टाकून धावत येशील."

"पाठवायचं होतंस," मी म्हटलं. "मी आले असते."

आईने माझ्याकडे बघितलं आणि क्लिप मिटवली.  ते कार्ड मला ऑगस्टमध्ये मिळालं असतं तर मी काय केलं असतं, ते मला तिथे बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं. मी ते फ्रीजवर लावलं असतं, आणि शनिवारी सकाळी फोन करून दादाला म्हटलं असतं, बाबा उठले की सांग त्यांना, धूर छान जमलाय.